माणगा बांबूचा वंश आणि त्याचा चिंचोळा प्रदेश

कुडाळ-सावंतवाडीकडे घर असलेल्या मुंबईकराला माणग्याची ओळख करून द्यावी लागत नाही. बिनकाट्याचा, बुंध्याकडे जवळजवळ भरीव असलेला हा बांबू दक्षिण कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी आणि उत्तर केरळ एवढ्याच पट्ट्यातला आहे. मुंबई इलाख्याच्या सेवेतील डॉक्टर व वनस्पतिसंग्राहक जॉन स्टॉक्स १८५४ साली वारले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम मन्रो यांनी १८६८ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला स्टॉक्स यांचे नाव दिले. त्यानंतर तिची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा ज्या गटात समावेश होतो तो गट, दोनदा बदलली; आज ती डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी या नावाने ओळखली जाते.

या जातीच्या इतिहासाची खरी गुंतागुंत तिच्या प्रजननात आहे. माणग्याला फुलोरा तुरळक येतो आणि बी जवळपास धरतच नाही. त्यामुळे शेतकरी पावसाच्या तोंडावर जुन्या बेटातून कंदासह काठी खणून काढतो आणि बांधावर किंवा परसात लावतो. अशी लागवड पिढ्यान्‌पिढ्या चालली, तर एका गावातली सगळी बेटे एकाच मूळ रोपाची असू शकतात, आणि माहेरहून सासरी नेलेल्या एखाद्या कंदामुळे तोच वंश घाटापलीकडेही पोहोचू शकतो. म्हणूनच बेटांची संख्या कितीही मोठी असली, तरी तीवरून जनुकीय वैविध्याचा अंदाज बांधणे मला धोक्याचे वाटते.

इथे आणखी एक बारकावा आहे. उष्ण प्रदेशातले बहुतेक काष्ठमय बांबू षट्गुणित असतात, म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच असतात. साहजिकच एकाच रोपात एका जनुकाची अनेक रूपे सापडतात, पण तीच रूपे त्याच्या प्रत्येक कंदसंततीत जशीच्या तशी उतरतात. रोपाच्या आत वैविध्य भरपूर आणि रोपारोपांत फरक मात्र नाही, अशी स्थिती संभवते.

भौगोलिक इतिहासाचा माग हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या अन्न तयार करणाऱ्या हिरव्या घटकाच्या, डीएनएवरून काढता येतो. बहुतेक सपुष्प वनस्पतींत तो मातेकडून येतो आणि अतिशय सावकाश बदलतो. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, मोसमी पाऊस क्षीण होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळात माणगा वेगवेगळ्या ओलसर खोऱ्यांत तगून राहिला असेल, तर त्या खोऱ्यांतल्या बेटांच्या हरितलवकांत जुने फरक दिसायला हवेत. दूरदूरच्या खोऱ्यांत हरितलवकाचा डीएनए एकसारखा आणि पेशीकेंद्रातले जनुकही हुबेहूब निघाले, तर त्यामागे माणसाचा हात मानावा लागेल. जंगलातली बेटे, परसातली बेटे आणि मुंबईतल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहांतले जुने वाळवलेले नमुने यांची एकत्र तुलना करणे त्यासाठी अगत्याचे आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला आणि खाजगी जमिनीवरच्या लागवडीची वाट मोकळी झाली. रोपवाटिकांनी मोजक्याच बेटांवरून रोपे वाढवली, तर लागवड वाढेल, वंश मात्र तेवढेच राहतील. त्यामुळे कोणते बेट कोणत्या गावचे, याची नोंद रोपाबरोबर आत्ताच ठेवायला हवी.