ईआरपीनेक्स्ट: जीएसटी कोअरच्या बाहेर कसा गेला

ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा कारभार सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्याच्या कोअरमध्ये, म्हणजे सगळ्यांकडे येणाऱ्या मूळ कोडमध्ये, काय ठेवायचं आणि काय वरून बसवायच्या वेगळ्या ॲपमध्ये काढायचं, हा वाद आवृत्ती १४ पासून तापला. २००८ च्या सुमारास एका कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून मुंबईत सुरू झालेल्या या प्रकल्पात त्याआधी भर पडत गेली होती: खरेदी-विक्री, साठा, हिशेब, पगार, सगळं एकाच रेपोत, म्हणजे कोडच्या एकाच साठ्यात. २०१७ च्या सुमारास त्यात शिक्षण, आरोग्य, शेती, स्वयंसेवी संस्था अशी क्षेत्रंही आली. सेटअप करताना आपलं क्षेत्र निवडलं की बाकीचं लपायचं, पण ते स्क्रीनपुरतंच. वसईच्या गाळ्यात नटबोल्ट बनवणाऱ्याच्या डेटाबेसमध्येही रुग्णांच्या नोंदींची टेबलं तयार व्हायची.

२०२२ मध्ये आवृत्ती १४ आली आणि ही क्षेत्रं वेगळी ॲप झाली. ते योग्यच झालं. एचआर आणि पगारही बाहेर पडले. बऱ्याच कंपन्या पगार दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये करतात, तेव्हा तेही पटतं.

खरा पेच जीएसटीचा. कर लागू झाला १ जुलै २०१७ ला, आणि त्याचा कोड कोअरमधल्या प्रादेशिक फोल्डरमध्ये होता. आवृत्ती १४ मध्ये तो तिथून निघाला आणि बाहेरची एक कंपनी सांभाळत असलेल्या वेगळ्या ॲपमध्ये गेला. काढणाऱ्यांचा मुद्दा भक्कम आहे. ई-इन्व्हॉइसच्या, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या, सक्तीसाठी उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी होती. जानेवारी २०२१ मध्ये ती १०० कोटी झाली, एप्रिलमध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, त्याच ऑक्टोबरमध्ये १० आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५. सरकारी अधिसूचना कुठल्याही सॉफ्टवेअरच्या रिलीजची वाट बघत नाही. कर-कायदा जाणणाऱ्या लोकांनी स्वतःच्या वेगाने बदल करावेत हे बरं, आणि केनियातल्या किंवा जर्मनीतल्या वापरकर्त्याने आपला जीएसटी का वागवावा?

पण भिवंडीच्या गोदामातून माल पाठवणाऱ्याला जीएसटी ही ऐच्छिक सोय नाही. ज्या धंद्यांना ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यांनी दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर ६४ अक्षरांचा आयआरएन (त्या नोंदणीचा क्रमांक) नसेल, तर कायद्याच्या लेखी ते बिलच नाही. हेच कारण पुढे करून कोड कोअरमध्ये राहू द्या म्हणणारे चुकीचे नव्हते.

आगाऊ सूचना दिली होती, हे खरं. आवृत्ती १३ मध्ये मायग्रेट (डेटाबेस नव्या कोडशी जुळवणारी कमांड) चालवलं की टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पिवळ्या अक्षरांत ओळी यायच्या: भारतासाठीच्या सोयी वेगळ्या ॲपमध्ये गेल्या आहेत, आवृत्ती १४ मधून त्या काढल्या जातील, अपग्रेडनंतर ते ॲप बसवा. पगाराबद्दलही तशाच ओळी होत्या. आता त्या दिसणार कोणाला? सर्व्हर सांभाळणाऱ्याला. मशीद बंदरच्या पेढीत दिवसभर बिलं काढणारा अकाउंटंट टर्मिनल उघडत नाही, आणि छोट्या धंद्यात सर्व्हरवाला रोज येत नाही.

माझ्या मते कोड वेगळा करणं बरोबर होतं. चुकलं ते बसवण्याच्या टप्प्यावर. कोड वेगळ्या रेपोत राहूनही इन्स्टॉलेशनसोबत येऊ शकतो. कंपनीचा देश भारत असेल, तर ते ॲप आपोआप यायला हवं होतं आणि नको असेल त्याने ते काढायला हवं होतं. प्रत्यक्षात स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्याला ते बेंचमधून (ॲप बसवायच्या कमांड-साधनातून) हाताने आणावं लागलं. या वादात कोडच्या स्वच्छतेबद्दल भरपूर बोललं गेलं, अपग्रेडनंतरच्या सोमवारी सकाळी पहिलं बिल काढणाऱ्याबद्दल फार कमी.

२०२३ मध्ये आवृत्ती १५ आली तेव्हा कर्जवाटप आणि ऑनलाइन दुकान हेही कोअरमधून बाहेर पडले. त्यामुळे १३ वरून वर येणाऱ्याला आधी आपण नक्की काय काय वापरतो याची यादी करावी लागते, आणि त्यातल्या प्रत्येक ॲपची शाखा (त्याच्या कोडची ठरावीक आवृत्तीसाठीची प्रत) कोअरच्या आवृत्तीशी जुळते का, हे बघूनच मायग्रेटला हात घालावा लागतो.