घास नेमका अडतो कुठे?

दीड-दोन वर्षांचं मूल घास घेतं, गालात धरून ठेवतं आणि अर्धा तास झाला तरी गिळत नाही. दुसऱ्या एखाद्याला पाणी पिताना दर वेळी ठसका लागतो. तिसऱ्याच्या मऊ भातात एक शीत अख्खं राहिलं तरी तो सगळं ओकून टाकतो. बेळगाव भागात खानापूरपासून निपाणीपर्यंत अशा पोरांबद्दल घराघरांत बोललं जातं ते साधारण सारखंच असतं. ‘लाडावलंय.’ ‘नाटकं करतंय नुसतं.’ ‘नाक दाब, आपोआप तोंड उघडतंय बघ.’ आणि आईला तर तोंडावर ऐकवतात की तुला भरवायलाच येत नाही.

आईला दिलेला हा दोष अन्यायाचा आहे आणि नाक दाबण्याचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. न खाणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना खायचं नसतं असं नाही, त्यांना खाणं जमत नसतं. ते शिकवणारी माणसं आहेत, त्यामागे पक्कं शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचा मोठा भाग आपल्या स्वयंपाकघरात वापरता येतो.

एक घास पोटात पोचवायचा तर तोंड, जीभ, टाळू आणि घसा इथल्या पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या कामाला लागतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत, त्यांतल्या पाच या कामात गुंतलेल्या असतात. खरी अवघड जागा म्हणजे घसा, कारण श्वासाची आणि अन्नाची वाट तिथे एकच होते. लोंढा जंक्शनला आलेली गाडी हुबळीकडे जायची की गोव्याकडे, हे रुळांचे सांधे ठरवतात, तसे घशातले सांधे प्रत्येक घोटाला बदलावे लागतात. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, श्वासनलिकेवरची झडप झुकते, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो, घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. घशातलं हे सगळं काम साधारण एका सेकंदात उरकतं. त्यात किंचित उशीर झाला की दूध किंवा पाणी श्वासनलिकेत शिरतं.

बाळ गिळायला पोटात असतानाच लागतं, गर्भजल गिळून. पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ बसायला गर्भाचा साधारण ३४वा आठवडा उजाडतो. म्हणून सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ अंगावर नीट पीत नाही, त्याला नाकातून किंवा तोंडातून घातलेल्या नळीने दूध द्यावं लागतं. या काळात त्याला रिकामं चोखू दिलं, म्हणजे दूध काढून घेतलेल्या स्तनाला लावलं किंवा स्वच्छ बोट चोखायला दिलं, तर नळीवरून तोंडाने पिण्याकडे ते लवकर वळतं, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसून आलं आहे.

जन्मानंतरचे पहिले महिने चोखणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, बाळाला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ती ओसरते आणि तिथून पुढे खाणं ही शिकायची गोष्ट होते. आधी जबडा नुसता वर-खाली हलतो. मग जीभ घास बाजूला दाढांच्या जागी ढकलायला शिकते. गोलाकार चावणं पुढे दोन-तीन वर्षांपर्यंत पक्कं होत जातं. इंग्लंडमधल्या एव्हॉन परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यात एक गोष्ट ठळक दिसली. ज्यांना गुठळीचं, चावायचं अन्न नऊ-दहा महिन्यांनंतरच पहिल्यांदा मिळालं, त्यांच्यात खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या, आणि सातव्या वर्षीही ती मुलं फळं-भाज्या कमी खात होती.

आपल्याकडे मिक्सर आल्यापासून हे फार व्हायला लागलं आहे. दोन वर्षांचं होईपर्यंत सगळं वाटून, गाळून, पेजेसारखं करून दिलं जातं. घशात अडकेल ही भीती खरी असते, पण त्या भीतीपायी धडधाकट मुलाचंही चावण्याचं शिक्षण राहून जातं.

काही मुलांना मात्र मुळातच अडचण असते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं, असेल तर जीभ आणि जबडा मेंदूचं ऐकत नाहीत. डाउन सिंड्रोम या जन्मजात अवस्थेत स्नायू सैल असतात. टाळू फाटलेला असेल तर चोखायला लागणारी निर्वात पोकळी तोंडात तयार होत नाही, त्यामुळे बाळ कितीही ओढलं तरी दूध येत नाही आणि आलेलं नाकातून बाहेर पडतं. ओठ किंवा टाळू फाटण्याचं प्रमाण जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक आहे, म्हणजे ही फार विरळा गोष्ट नव्हे. हृदयाचा आजार असलेलं बाळ पिताना दमतं, कपाळाला घाम येतो. जठरातलं आम्ल वर येत असेल तर खाणं म्हणजे जळजळ असं समीकरण बसतं. स्वमग्न मुलांना कित्येकदा चवीपेक्षा पदार्थाचा स्पर्श सहन होत नाही. बरेच दिवस नळीवर राहिलेल्या मुलाला तोंडाकडे येणारी प्रत्येक वस्तू शत्रू वाटते.

अशा सगळ्या मुलांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांनी एक समान व्याख्या ठरवली. वयाला साजेसं खाणं-पिणं दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ होत नसेल आणि त्याच्या जोडीला आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य किंवा मन आणि घर यांपैकी कशात बिघाड असेल, तर तो आहार-विकार मानायचा. या व्याख्येचा मोठा फायदा असा, की नुसतं टॉनिक लिहून देऊन किंवा नुसतं आईला समजावून भागत नाही, चारही अंगं तपासावी लागतात.

घरी ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. रोजचं एकेक जेवण अर्ध्या तासाहून जास्त लांबणं, पिताना खोकला, प्यायल्यावर आवाज ओला-घरघरता होणं, नाकातून दूध येणं, वजन न वाढणं आणि वरचेवर न्यूमोनिया. यातली शेवटची खूण बऱ्याचदा निसटते. काही मुलांच्या फुप्फुसात अन्न जातं पण ठसका लागतच नाही, कारण घशाची जाणीवच मंद असते. घरचे म्हणतात, छान पितंय की! आणि मूल महिन्या-दीड महिन्याला छातीत कफ भरून दवाखान्यात. अशा वेळी एक्स-रेत दिसणारं बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेचा हलता व्हिडिओ काढतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना घसा प्रत्यक्ष बघतात.

आता बोंडल्याबद्दल. आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यानेच बाळं वाढवली आणि ते भांडं वाईट नाही. कमी दिवसांच्या, अंगावर न पिणाऱ्या बाळांना आजही नवजात शिशु विभागात त्याच घाटाच्या चोचीच्या भांड्याने दूध देतात. फरक पद्धतीत आहे. तिथे बाळाला उभट धरतात, ओठाशी थेंब टेकवून त्याने गिळायची वाट बघतात. आपल्याकडे पायावर आडवं झोपवून, हात धरून, रडत्या तोंडात ओततात. रडताना श्वासनलिका उघडी असते. गुटीबरोबर एरंडेल किंवा तूप असेल तर धोका आणखी वाढतो. तेलामुळे ठसका लागेलच असं नाही, ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिथे राहून वेगळ्याच प्रकारचा, औषधाला दाद न देणारा न्यूमोनिया करतं. नाकात तेल घालण्याचंही तेच. हे थांबायलाच हवं, आणि ते सांगायला कुणा थेरपिस्टची गरज नाही.

खाण्या-गिळण्याची थेरपी मुख्यतः वाचा-भाषा तज्ज्ञ करतात, ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो. बोलण्याचे डॉक्टर खाण्याचं काय बघणार, असं लोकांना वाटतं, पण जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र ही अवयवांची फौज दोन्हीकडे एकच. जोडीला बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लागेल तसे कान-नाक-घशाचे डॉक्टर. पहिल्या भेटीत चांगला थेरपिस्ट बराच वेळ नुसतं बघतो: कोण भरवतं, मूल कसं बसतं, चमचा कसा येतो, दोन घासांत किती वेळ जातो.

बदल बहुधा बसण्यापासून सुरू होतो. मान मागे टाकलेली असेल तर श्वासनलिका उघडी पडते. म्हणून पाठ टेकलेली, कंबर आणि गुडघे काटकोनात, पायांखाली आधार, हनुवटी किंचित खाली. महागडी खुर्ची नसली तरी भिंतीचा कोपरा, गुंडाळलेली चादर आणि पायाखाली पाट यांवर काम भागतं. चमचा लहान आणि सपाट, जिभेच्या मध्यावर हलका दाबून सरळ बाहेर काढायचा. वरच्या ओठाला घासून रिकामा केला तर मूल ओठ मिटायला शिकतच नाही. चावायला शिकवताना मऊ शिजवलेला लांबट तुकडा समोरून न देता बाजूला, दाढांच्या जागी ठेवतात, म्हणजे जीभ तिकडे वळते.

मग दाटपणा. पाणी घशातून वेगाने धावतं, त्यामुळे कमजोर नियंत्रण असलेल्या मुलाला तेच सर्वांत अवघड असतं. काहींना थोडं दाट पेय सुरक्षित पडतं. दाटपणा मोजायला ० ते ७ अशा आठ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय मोजणी आहे आणि तिची चाचणी साध्या १० मिलीच्या सिरिंजने घरी करता येते. सिरिंज मात्र अशी हवी, की तिच्यावरच्या शून्य ते दहाच्या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असेल. सिरिंज भरून खालचं तोंड १० सेकंद उघडं ठेवायचं. १ ते ४ मिली उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी गळलं तर तिसरी.

नाचणीची पेज यासाठी हाताशीच आहे, पण तिचे दोन गुण लक्षात ठेवावे लागतात. निवली की ती घट्ट होते, म्हणून मोजायची ती भरवताना जेवढी कोमट असते तेवढीच असताना. शिवाय लाळेतलं पाचक द्रव्य पिठूळ पदार्थ पातळ करतं. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडत राहिला, तर वाटीतली पेज पाण्यासारखी होऊ शकते. म्हणून भरवायची वाटी वेगळी आणि त्यात थोडीथोडीच पेज घ्यायची. कमी दिवसांच्या बाळाचं दूध आपल्या मनाने कधीच दाट करू नये, आणि वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला मध देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

आमटी-भात आपल्याला सोपा वाटतो. गिळायला अवघड असणाऱ्या मुलासाठी तो कठीण पदार्थांत मोडतो, कारण तोंडात एकाच वेळी पातळ आणि दाणेदार सांभाळावं लागतं. आमटी पुढे धावते, भात मागे राहतो. त्यापेक्षा भात आमटीतच कुस्करून एकजीव केलेला बरा. बेळगाव तालुक्यातल्या तांबड्या मातीतलं रताळं तर या कामाला फार चांगलं. उकडून, शिरा काढून, दुधात कुस्करलं की मऊ, चिकटून राहणारा गोळा होतो, आणि रोज थोडं कमी कुस्करत गेलं की हळूहळू चावण्याकडे जाता येतं. भडंग आणि शेंगदाणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत लांबच. श्वासनलिकेत अडकलेला दाणा काढायला दुर्बीण घालावी लागते.

ज्यांची अडचण भीतीची किंवा स्पर्शाची आहे त्यांचा रस्ता वेगळा. आधी पदार्थ ताटाजवळ चालवून घ्यायचा, मग हात लावायचा, वास घ्यायचा, ओठाला टेकवायचा, चाटायचा. नवी चव आवडायला साध्या मुलालाही दहा-पंधरा वेळा भेट लागते, आणि मुलाने दोनदा थुंकलं की आपण पदार्थच बंद करतो. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची वाटणी सुचवली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. आपल्या घरांत हे पचायला जड जातं हे मला ठाऊक आहे, पण जबरदस्तीने गेलेला प्रत्येक घास पुढचे दहा घास अवघड करतो.

एक सावधगिरी. नुसता गालांचा मसाज, फुंकर मारण्याचे व्यायाम असे अन्नाशिवायचे प्रकार बरेच ठिकाणी चालतात, पण त्यांच्यामागचा पुरावा कमकुवत आहे. खाणं सुधारतं ते मुख्यतः खाण्याच्या सरावाने. महिनोन्‌महिने घासच दिला जात नसेल आणि त्याचं कारणही सांगितलं जात नसेल, तर विचारायला संकोच करू नये. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही विचारावं. 

सीमाभागात पहिली पायरी अंगणवाडी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरतं पथक अंगणवाडीतल्या मुलांना तपासतं आणि जिल्हा पातळीवरच्या त्वरित उपचार केंद्राकडे पाठवतं. फाटलेला टाळू, डाउन सिंड्रोम यांचा त्यात समावेश आहे. वाचा-श्रवणाची देशातली मोठी संस्था म्हैसूरला आहे, १९६५ ची, पण बेळगावकरांना ती अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर. निपाणीकडचे लोक कोल्हापूर गाठतात.

भाषेचीही अडचण होते. थेरपिस्ट कन्नड किंवा इंग्रजी बोलणार, आई मराठी, आणि घरी प्रत्यक्ष भरवणारी आजी, कारण आई विड्या वळायला किंवा रोप लावायला गेलेली. सूचना दोन तोंडांतून जाताना ‘पातळ’ आणि ‘दाट’ची अदलाबदल झाली तर प्रकरण छातीवर जातं. म्हणून भरवणाऱ्या माणसालाच सोबत न्यावं, घरचा डबा आणि घरचाच चमचा न्यावा, रोजच्या जेवणाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यावा. थेरपिस्टने दाखवलेलं त्याच्यासमोर करून दाखवावं आणि तेही टिपून आणावं. खानापूरच्या पावसात महिनाभर भेट चुकली तरी असा व्हिडिओ पाठवून पुढचं विचारता येतं.

हे काम महिन्यांचं, कधी वर्षांचं आहे. काही मुलं भाकरीपर्यंत पोचतात. तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेली काही कुस्करलेल्या भातावरच राहतात, आणि वजन वाढत असेल, छाती स्वच्छ असेल, जेवण रडण्याशिवाय होत असेल, तर ते यशच. काहींना मात्र तोंडाने पुरेसं देणं सुरक्षितच नसतं. त्यांच्या पोटात छोटी शस्त्रक्रिया करून नळी बसवतात. हे ऐकून घरच्यांचा धीर सुटतो, जणू मुलावर आशाच सोडली. पण नळीमुळे पोषण आणि औषधं वेळेवर जातात, दिवसाचे भरवण्यात जाणारे तास वाचतात, आणि बऱ्याच मुलांना थेरपिस्टच्या देखरेखीखाली चवीपुरतं तोंडाने देत राहता येतं. गरज संपली तर ती काढताही येते.