किराईत, काढे आणि लाइमचा लांबलेला थकवा

न्यू जर्सी, कनेटिकट किंवा पेनसिल्वेनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना लाइम या गोचिडीतून पसरणाऱ्या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात मुलं गवतातून खेळून आली, की त्यांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यांच्या मागे गोचीड चिकटली आहे का हे पाहावं लागतं. तरीही ती नजरेतून सुटते, कारण आजार पसरवणारी गोचीड बहुतेकदा पूर्ण वाढलेली नसते. या अवस्थेत ती खसखशीच्या दाण्याएवढी असते, आणि तिचा चावा दुखत नाही.

१९७५ च्या सुमारास कनेटिकटमधल्या लाइम गावात आणि आसपास बऱ्याच मुलांचे सांधे एकाच काळात सुजू लागले. हे नेहमीचं नाही, हे आधी तिथल्या दोन आयांच्या लक्षात आलं. त्यांनी चिकाटी सोडली नाही, म्हणून येल विद्यापीठातल्या अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. पुढे १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी गोचिडीच्या पोटात सापडलेल्या मळसूत्री जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे नाव मिळालं. अमेरिकेत आज वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

यातले बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने बरे होतात. पण शंभरातले पाच ते दहा जण औषध पूर्ण होऊनही सावरत नाहीत. झोपून उठलं तरी अंग गळालेलं, सांधे-स्नायू दुखणारे, डोकं जड, बोलता बोलता साधा शब्द आठवेना. हे महिनोन्‌महिने चालतं. रक्ताच्या तपासण्या यावर फारसं काही सांगत नाहीत, आणि रुग्णाला घरात, ऑफिसात, कधी दवाखान्यातसुद्धा ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं ऐकावं लागतं. डॉक्टर याला उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह म्हणतात, रुग्ण ‘क्रॉनिक लाइम’ म्हणतात. या दुसऱ्या नावाखाली कधीच लाइम न झालेले लोकही येतात, आणि त्यावरून डॉक्टरांमध्ये तीव्र मतभेद आहेत. पण त्रास खरा आहे. तो नाकारणाऱ्या डॉक्टरांनीच अनेक रुग्णांना वनौषधींच्या दुकानाकडे ढकललं, असं मला वाटतं.

आणखी अँटिबायोटिक द्यावं का, हा प्रश्न आधी तपासला गेला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लेम्पनर यांच्या चाचणीत रुग्णांना महिनाभर शिरेतून आणि नंतर दोन महिने तोंडाने औषध दिलं, तर तुलनेच्या गटाला औषध नसलेलं द्रावण आणि गोळ्या. रक्तात लाइमची प्रतिपिंडं असलेल्या रुग्णांपैकी औषधाच्या गटातले ३७ टक्के सुधारले, बिनऔषधाच्या गटातले ४० टक्के. नेदरलँड्समधल्या २८० रुग्णांच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला, तोही असाच. उलट शिरेत महिनोन्‌महिने ठेवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत.

त्यातले ते ४० टक्के लक्षात ठेवण्यासारखे आहेत. औषध न घेताही दहातल्या चौघांना बरं वाटू लागलं होतं. हा आजार अनेकांत हळूहळू आपसूक ओसरतो, मधे चढउतार होतात, आणि माणूस नवा उपाय सुरू करतो तो बहुधा सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर येणाऱ्या चांगल्या दिवसांचं श्रेय त्या महिन्यात जे काही पोटात जात होतं त्याला मिळतं. अनुभव सांगणारा खोटं बोलत नसतो, पण त्याच्या एकट्याच्या अनुभवावरून औषधाचा गुण ठरवता येत नाही.

वनौषधींच्या बाजूने सगळ्यात जास्त दाखवला जातो तो पुरावा फेब्रुवारी २०२० मधला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या यिंग झांग यांच्या गटाने, कॅलिफोर्नियातल्या काही डॉक्टरांना सोबत घेऊन, लाइमचे रुग्ण घेत असलेले चौदा नैसर्गिक पदार्थ तपासले. या प्रयोगाची रीत समजली की बराच गोंधळ मिटतो. बोरेलिया परीक्षानळीत सात दिवस वाढू दिला. तेवढ्या काळात त्याची वाढ थांबते आणि तो गोल किंवा गुठळ्यांच्या रूपात सुस्त पडून राहतो. अशा जिवाणूवर नेहमीची औषधं नीट चालत नाहीत. मग त्यात वनस्पतींचे अर्क घातले, पुन्हा सात दिवस थांबले, आणि रंगद्रव्यं टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवंत जिवाणू हिरवे दिसतात, मेलेले लाल.

सात वनस्पतींनी जिवाणूंची संख्या चांगलीच घटवली: घानातली क्रिप्टोलेपिस, काळा अक्रोड, जपानी नॉटवीड, आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ, पेरू देशातल्या जंगलातली कॅट्स क्लॉ, सिस्टस आणि चिनी स्कलकॅप. डॉक्सिसायक्लिनपेक्षाही त्यांचा परिणाम जास्त दिसला. क्रिप्टोलेपिसचा एक टक्का अर्क टाकलेल्या नळीतले जिवाणू ताज्या द्रावणात एकवीस दिवस ठेवूनही पुन्हा वाढले नाहीत. ही वेल आपल्या अनंतमुळाच्या कुळातली. घानात तिला निबिमा म्हणतात आणि हिवतापावर तिचा काढा देतात.

आता आपलं किराईत. कोकणात ताप आला की घशाखाली उतरवला जाणारा तो कडू काढा ज्याचा, तेच ओलं किराईत किंवा काळमेघ अमेरिकेतल्या लाइमच्या वनौषधींमध्ये मानाच्या जागी आहे. या नळीत मात्र त्याचा प्रभाव जवळजवळ दिसलाच नाही. स्टेव्हिया, ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क आणि चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं द्रावणही असंच फिकं पडलं. हा अभ्यास उचलून धरणारी मंडळी त्याचा एवढा भाग सहसा सांगत नाहीत.

पण जिंकलेल्या सात वनस्पतींबद्दल तरी काय सिद्ध झालं? एक टक्का म्हणजे शंभर मिलिलिटर द्रावणात एक मिलिलिटर अर्क. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यात एक टक्का प्रमाण साधायचं तर पन्नास मिलिलिटर अर्क जसाच्या तसा थेट रक्तात उतरायला हवा, आणि तोही आठवडाभर टिकायला हवा. प्रत्यक्षात माणूस पाण्यात थोडे थेंब टाकून पितो. त्यातला काही भाग आतड्यातून शोषलाच जात नाही, शोषलेला यकृतात बदलून जातो. नॉटवीडमधलं रेझव्हेरेट्रॉल तर पोटातून घेतल्यावर मूळ रूपात एक टक्क्याहूनही कमी रक्तात पोचतं. शिवाय बोरेलिया रक्तात फार काळ राहत नाही, तो सांध्यांच्या आणि त्वचेच्या ऊतींमध्ये शिरतो.

याहून महत्त्वाचं असं, की याच नळीत डॉक्सिसायक्लिनही हरलं होतं. तरी तेच औषध माणसांच्या अंगात बहुतेकांना बरं करतं. ते जिवाणूची वाढ थांबवतं, उरलेलं काम आपली प्रतिकारशक्ती उरकते, आणि नळीत प्रतिकारशक्ती नसते. तेव्हा नळीत हरलेलं औषध शरीरात जिंकू शकतं, आणि नळीत जिंकलेलं शरीरात काहीच न करणं तितकंच शक्य आहे. त्या संशोधकांनीही प्राण्यांवर आणि माणसांवर चाचण्या हव्यात, असंच लिहिलं आहे.

मारायला जिवाणू शिल्लक असतो का, हाही प्रश्न आहे. ब्रँडन जुट्रास यांच्या गटाने २०१९ मध्ये लाइममुळे सुजलेल्या सांध्यांच्या पाण्यात बोरेलियाच्या पेशीभित्तीचे तुकडे दाखवले. औषध घेऊन झाल्यावरही ते तिथे होते आणि सूज पेटती ठेवत होते. अशा रुग्णात जिवाणू मारणारा अर्क कितीही जहाल असला तरी उपयोग काय?

वनस्पतीतून खरं औषध निघतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्या सातांतल्याच आर्टेमिसियातून चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हे हिवतापाचं औषध वेगळं काढलं. जुन्या चिनी वैद्यकग्रंथातली सूचना वाचून त्यांनी उकळणं सोडलं आणि कमी तापमानाला ईथर वापरलं. मग प्राण्यांवर, स्वतःवर आणि शेवटी हिवतापाच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या. २०१५ चं नोबेल त्या सगळ्या वाटचालीचं होतं. आणि आजही हिवतापासाठी त्या झाडाचा नुसता चहा पिऊ नका, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्यात औषधाचं प्रमाण दर वेळी वेगळं भरतं.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ‘हर्क्स’ या शब्दाची. मळसूत्री जिवाणूंच्या आजारात अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिल्या दिवसभरात थंडी, ताप, अंगदुखी वाढू शकते. ही यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया खरी आहे आणि ती साधारण चोवीस तासांत ओसरते. पण अर्क घेणाऱ्याला तीन आठवडे मळमळ होत असली, भूक मेली असली, तरी ‘जंतू मरताहेत, सोसा’ असं सांगितलं जातं. नेमकी हीच लक्षणं यकृताला इजा होत असल्याची असू शकतात. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला झालेल्या इजेची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि ती वनस्पती गुळवेलच होती का, असा प्रश्न केला. पण विकत आणलेल्या चूर्णात नक्की काय आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, ही अडचण त्या आक्षेपाने आणखी ठळक झाली. क्रिप्टोलेपिसमधलं क्रिप्टोलेपिन तर थेट डीएनएच्या साखळीत घुसतं. जिवाणूला मारणारा हा गुण आपल्या पेशींच्या बाबतीतही लागू होतो.

मग वनौषधींनी लाइमच्या रुग्णाला काहीच मिळत नाही का? जंतू मारण्याचा नाद सोडला तर थोडं मिळू शकतं. अश्वगंधेने झोप काहीशी सुधारते, हळदीच्या अर्काने गुडघ्याच्या झिजेतलं दुखणं थोडं कमी होतं, असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. त्या चाचण्या लाइमच्या रुग्णांवरच्या नव्हेत, पण झोप आणि दुखणं हेच तर इथले रोजचे शत्रू. घ्यायचंच असेल तर एका वेळी एकच वनस्पती घ्यावी, म्हणजे गुण किंवा अपाय कशाचा ते कळेल. आधी आणि काही आठवड्यांनी यकृताची तपासणी करावी. बाटली डॉक्टरांना दाखवावी. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर अश्वगंधेपूर्वी विचारावं, रक्त पातळ करणारं औषध असेल तर हळदीच्या कॅप्सूलपूर्वी. भाजीत घालतो ती हळद यात येत नाही. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळसर दिसले, तर त्याच दिवशी सगळं बंद.

चावा ताजा असताना मात्र काढ्यात वेळ घालवू नये. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडेपेटी, नेलपॉलिश काही नको. लाइमच्या भागात ती दीडेक दिवस चिकटून राहिली असावी असं वाटलं, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एक डोस आजार टाळू शकतो. त्यासाठी लगेच डॉक्टरांना गाठावं. लाल चट्टा तीन ते तीस दिवसांत कधीही उमटतो. तेवढ्यात सुट्टीला पुण्यात किंवा रत्नागिरीत आलेला असाल, तर इथल्या डॉक्टरांच्या डोक्यात लाइम पटकन येणार नाही. आपल्याकडे गोचिडीचा ताप म्हटलं की आधी आठवतो तो सिंधुदुर्गातला माकडताप. म्हणून तापाबरोबर हेही सांगा, की तीन आठवड्यांपूर्वी कनेटिकटच्या जंगलात फिरून आलो आहे.