'आधुनिकतावाद' हा शब्द आला कुठून?

१७३७ साली जोनाथन स्विफ्ट यांनी डब्लिनहून कवी अलेक्झांडर पोप यांना एक पत्र लिहिले. इंग्रजी भाषा बिघडवणाऱ्या लेखकूंवर त्यात त्यांनी राग काढला आहे. हे लोक गद्यपद्याचा कचरा इकडे पाठवतात, शब्दांची वाटेल तशी छाटाछाट करतात आणि विचित्र 'मॉडर्निझम्स' वापरतात, ही त्यांची तक्रार. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सन यांनी हा शब्द आपल्या कोशात घेतला. त्याचा अर्थ त्यांनी दिला 'प्राचीन आणि अभिजात रीतीपासून ढळणे' आणि श्रेय दिले स्विफ्टना. पुढे मोठ्या दिमाखाने मिरवलेला हा शब्द इंग्रजीत असा शिवीसारखा रुळला. तोही अनेकवचनात, कारण तेव्हा त्याचा अर्थ चळवळ नव्हता, एखादी नवथर लकब इतकाच होता.

मूळ त्याहून बरेच जुने आहे. लॅटिनमध्ये 'मोदो' म्हणजे आत्ता, नुकतेच. त्यावरून पाचव्या शतकाच्या शेवटी 'मोडेर्नुस' हे विशेषण दिसू लागते. आपल्याकडचा 'आधुनिक'ही असाच बनला आहे: संस्कृत 'अधुना' म्हणजे आत्ता. शब्दाची सगळी अडचण या मुळातच आहे, कारण 'आत्ता' एका जागी थांबत नाही. मध्ययुगाच्या अखेरीस विद्यापीठांत चौदाव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम यांच्या वळणाच्या विचाराला 'आधुनिक मार्ग' म्हणत. २७ जानेवारी १६८७ रोजी लेखक शार्ल पेरो यांनी फ्रेंच अकादमीत एक कविता वाचली आणि फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचा काळ रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळाच्या तोडीचा ठरवला. त्यावरून प्राचीनांचे आणि आधुनिकांचे पाठीराखे पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. तोवर 'आधुनिक' म्हणजे आधीच्यांच्या, बहुधा ग्रीक-रोमनांच्या, तुलनेत नवा, एवढाच हिशेब होता.

तो १८६३ साली बदलला. फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर यांनी आधुनिक जीवनाच्या चित्रकारावर लिहिलेल्या निबंधात 'आधुनिकता' म्हणजे कलेचा क्षणिक, निसटता अर्धा भाग, असे म्हटले. उरलेला अर्धा शाश्वत. शहरातली गर्दी, कपड्यांची बदलती तऱ्हा हे कलेचे खरे द्रव्य ठरले. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातले सर्वात मोठे वळण हेच. तुलना प्राचीनांशी करायची गरज संपली आणि चालू क्षणालाच मोल आले.

यानंतर 'वाद' लागलेला शब्द एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना गेला, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

कॅथलिक चर्चमध्ये त्याचा अर्थ पाखंड असा झाला. बायबलकडे इतिहासाच्या कसोट्या लावून पाहणाऱ्या आल्फ्रेद ल्वाझी, जॉर्ज टिरेल यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मतांना पोप दहावे पायस यांनी ८ सप्टेंबर १९०७ च्या परिपत्रकात 'सर्व पाखंडांचा संगम' म्हटले. १९१० पासून धर्मगुरूंना आणि धर्मशास्त्राच्या अध्यापकांना आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागे. ती १९६७ साली रद्द झाली. त्यामुळे त्या काळच्या धार्मिक मजकुरात हा शब्द आला, तर चित्रे-कविता विसरून वाचावे लागते.

स्पॅनिशमध्ये गोष्ट आणखी वेगळी. निकाराग्वाचे कवी रुबेन दारिओ यांचे 'आसुल' हे पुस्तक १८८८ साली चिलीतल्या वाल्पाराइसो येथे छापले गेले. त्यांच्याभोवती जो 'मोदेर्निस्मो' उभा राहिला तो नादमधुर, नटलेला, राजहंसांनी भरलेला आहे. सरळ सांगण्याऐवजी प्रतीकांतून सुचवणाऱ्या फ्रेंच प्रतीकवादाचा तो जवळचा नातलग. बार्सिलोनात जवळजवळ तेच नाव वास्तुकार अन्तोनी गाउदी यांच्या काळातल्या वळणदार, अलंकृत वास्तुकलेला आहे. आणि ब्राझीलमध्ये फेब्रुवारी १९२२ मध्ये साओ पाउलोत झालेल्या आधुनिक कला सप्ताहानंतर त्याच शब्दाने अशा अलंकरणाविरुद्धचे बंड ओळखले जाते. दारिओंच्या 'मोदेर्निस्मो'चे भाषांतर डोळे मिटून 'आधुनिकतावाद' केले, की वाचकाच्या मनात इंग्रजी कवी टी. एस. एलियट उभे राहतात आणि मजकूर चुकतो. तिथे मूळ शब्दच ठेवावा, हे उत्तम.

इंग्रजी साहित्यात हे लेबल बरेचसे मागाहून पक्के झाले. १९२२ साली जेम्स जॉइस यांची कादंबरी 'युलिसिस' आणि एलियट यांची दीर्घ कविता 'द वेस्ट लँड' प्रसिद्ध झाल्या. १९२७ साली लॉरा रायडिंग आणि रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 'मॉडर्निस्ट' कवितेवर पुस्तक लिहिले. पण कालखंडाचे नाव म्हणून शब्दाचा जम दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठांत बसला. 'द वेस्ट लँड'च्या शेवटच्या ओळी पाहिल्या की पद्धत उघड होते. इंग्रजी बालगीत, दान्तेची इटालियन ओळ, फ्रेंच सुनीतातला तुकडा, मग बृहदारण्यकोपनिषदातले 'दत्त, दयध्वम्, दम्यत' आणि तीन वेळा 'शान्तिः'. मध्ये 'म्हणून', 'कारण' काही नाही. सांधा वाचकाने जोडायचा.

वास्तुकलेत मात्र कारण बांधकामात सापडते. सळईच्या काँक्रीटचा सांगाडा भार पेलू लागला, तशा भिंती मोकळ्या झाल्या. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे नव्या वास्तुकलेचे पाच मुद्दे (खांबांवर उचललेली इमारत, गच्चीवरची बाग, मोकळी आखणी, आडव्या सलग खिडक्या, भारमुक्त दर्शनी भाग) त्यातूनच निघतात. चित्रकलेत अमेरिकी समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांनी १९६० साली आधुनिकतावादाची खूण सांगितली ती अशी: प्रत्येक कलेने फक्त स्वतःचे माध्यम तपासायचे, चित्राने आपला सपाटपणा. ही कसोटी एलियटच्या सरमिसळीला लावली तर ती कविता नापास होईल. एका क्षेत्राची व्याख्या दुसऱ्यात नेली की असे होते.

मराठीत तीन शब्द वेगळे ठेवावेत. यंत्रे, रस्ते, प्रशासन बदलणे हे आधुनिकीकरण. त्या बदलातून आलेली जगण्याची अवस्था ही आधुनिकता. आणि त्या अवस्थेला कलेने किंवा विचाराने दिलेला जाणीवपूर्वक प्रतिसाद हा आधुनिकतावाद. हा प्रतिसाद पुष्कळदा विरोधाचाही असतो. एलियट परंपरेचे कडवे कैवारी होते, तरी ते आधुनिकतावादी. म्हणून नव्या यंत्राचे कौतुक करणाऱ्या माणसाला 'आधुनिकतावादी' म्हणणे चूक आहे. आज काढलेल्या चित्रालाही 'समकालीन' म्हणावे. मर्ढेकरांच्या पिढीच्या कवितेला त्या काळी नाव मिळाले 'नवकाव्य'. 'आधुनिकतावादी' हे विशेषण समीक्षेने तिला नंतर लावले. त्या कवितेवर लिहिताना कोणता शब्द त्या वेळचा आणि कोणता आपला, हे वाचकाला कळेल असे लिहावे.