जंतूंचा अर्क (कापड, रंग आणि प्लास्टिकच्या राखणीसाठी)

जंतूंचा अर्क म्हणजे बॅक्टेरिया, बुरशी किंवा सूक्ष्म शेवाळ टाकीत वाढवून त्यांच्यातून काढलेलं रंगद्रव्य नाहीतर दुसरं एखादं रसायन, जे कापडावर, पेंटमध्ये किंवा प्लास्टिकच्या फिल्मवर बसवलं की दोन कामं करतं, एक म्हणजे उन्हातली यूव्ही किरणं अडवतं आणि दुसरं म्हणजे बुरशी-बॅक्टेरिया वाढू देत नाही. सगळेच अर्क दोन्ही कामं करतात असं नाही, ते पुढं येईलच. यात जिवंत जंतू नसतो, हे आधीच सांगितलेलं बरं, नाव ऐकूनच लोक नाक मुरडतात.

हे लांबचं काही नाही. पावसाळा सरला की बेळगावात (कागदावर 2014 पासून बेळगावी) किंवा खानापुरात कुठल्याही जुन्या घराच्या गच्चीचा कठडा बघा, वरनं खाली काळे ओघळ उतरलेले असतात. पेंटर म्हणतो शेवाळ आहे, ब्रशनं घासा आणि प्रायमर मारा. म्हणतो ते बरोबर, पण शेवाळ हिरवं सोडून काळं का? तर हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते बॅक्टेरिया, स्वतःभोवती एक चिकट आवरण करतात आणि त्यात सायटोनेमिन नावाचं पिवळट-तपकिरी द्रव्य भरतात, थरावर थर चढले की ते काळं दिसतं. हे द्रव्य 370 नॅनोमीटरच्या आसपासची किरणं, म्हणजे यूव्ही-ए, जोरात शोषतं. मे महिन्यात ज्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो तिथं हा जीव वाळून पडून राहतो आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला परत उठतो. आपण जे खरवडून टाकतो ते त्याचं सनस्क्रीन असतं.

आता जंतूची जीन बदलायचं इंजिनिअरिंग कशाला, सरळ कठडा खरवडून अर्क काढला तर? एक तर सायनोबॅक्टेरिया फार सावकाश वाढतात, आणि सायटोनेमिन त्यांना ऊन लागल्याशिवाय नीट तयारच होत नाही, म्हणजे बंद टाकीत परत दिवे लावत बसा. दुसरी भानगड जंतूच्या स्वभावाची. सेराशिया मार्सेसेन्स नावाचा बॅक्टेरिया प्रोडिजिओसिन हा लालभडक रंग करतो, 1819 मध्ये इटलीत मक्याच्या पोलेंट्यावर रक्तासारखे डाग पडले तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओनं त्या जंतूला सेराशिया हे नाव दिलं. बराच काळ तो निरुपद्रवी समजला जायचा, इतका की 1950 मध्ये अमेरिकेच्या नौदलानं जैविक हल्ल्याची चाचणी म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोवर फवारला. पुढं कळलं की हा दवाखान्यात अशक्त पेशंटला धरणारा जंतू आहे. असला प्राणी हजार लिटरच्या टाकीत कोण वाढवणार. म्हणून रंग तयार करणारी जीन तेवढी काढायची आणि ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या लॅबमधल्या गरीब जातीत नाहीतर यीस्टमध्ये बसवायची. व्हायोलासिन या बॅक्टेरियाच्या जांभळ्या रंगाला पाचच जीन लागतात आणि कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन, जे आपल्या डाळीतपण असतं, त्यामुळं प्रयोगाला सगळ्यांचं ते आवडतं. समुद्री शेवाळात आणि सायनोबॅक्टेरियात एमएए (मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं) नावाची द्रव्यं असतात, ती 310 ते 360 नॅनोमीटरमधली किरणं खातात. त्यातलं शिनोरिन बनवणारी चार जीन हार्वर्डच्या बाल्स्कस आणि वॉल्श यांनी 2010 मध्ये शोधली आणि ई. कोलायमध्ये घालून चालवून दाखवली.

मेलॅनिन हे या सगळ्यात दणकट. आपल्या कातडीत असतं तेच, फक्त इथं टायरोसिनेज एन्झाइम वाढवलेला बॅक्टेरिया टायरोसिनपासून ते करतो आणि टाकीतलं पाणी दोन-चार दिवसांत काळी शाई होतं. अल्कलीत विरघळतं, आम्ल घातलं की खाली बसतं, म्हणजे अर्क काढायलापण सोपं. यूव्हीचा सगळा पट्टा खातं आणि उन्हात टिकतं. तोटा उघड आहे, काळ्या-तपकिरीशिवाय दुसरा रंग मिळत नाही. स्ट्रेप्टोमायसिस कुळातले बॅक्टेरियापण मेलॅनिन करतात. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर कणकुंबी-जांबोटीकडं मातीचा जो वास सुटतो तो मुख्यतः याच कुळातल्या जंतूंच्या जिओस्मिनचा. त्यातल्याच एका जातीतनं एप्सिलॉन-पॉलिलायसिन मिळतं, जपानात 1977 मध्ये सापडलेलं, ते जंतू मारतं पण त्याला रंग नाही, म्हणून खाण्याच्या पदार्थांत आणि पॅकिंगच्या फिल्ममध्ये चालतं.

जंतू मारायचं गणित यूव्हीपेक्षा वेगळं आहे. व्हायोलासिन आणि प्रोडिजिओसिन दोन्ही स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातल्या जंतूंवर चांगले चालतात, घामाचा वास येतो त्यातले बरेच जंतू याच गटातले. दुसऱ्या, ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंना बाहेरनं आणखी एक पापुद्रा असतो, तिथं हे रंग अडतात. आणि आपल्याकडचा खरा शत्रू तर बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये ट्रंकेतली साडी काढली की कुबट वास आणि काठावर पांढरे-काळे ठिपके, हे खानापूरच्या बाईला कुणी सांगायला नको. आमची आत्या अजून साड्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालते आणि डांबराच्या गोळीवर तिचा विश्वास नाही. तेव्हा पाकिटावर नुसतं ‘अँटीबॅक्टेरियल’ लिहिलेलं असलं तर बुरशीचा त्यात हिशोब झाला असेलच असं नाही, बुरशीची टेस्ट वेगळी असते. बॅक्टेरियासाठी आयएसओ 20743 किंवा एएटीसीसी 100 या ठरलेल्या टेस्ट धरतात, त्यात कापडावर जंतू सोडून ठराविक वेळानं किती उरले ते मोजतात. 99 टक्के मेले म्हणजे दोन लॉग, 99.9 म्हणजे तीन लॉग, ऐकायला फरक छोटा वाटतो पण उरलेले जंतू दहा पटीनं कमी असतात.

उन्हासाठी यूपीएफ मोजतात, म्हणजे कापड यूव्ही किती अडवतं त्याचा आकडा. यूपीएफ 50 म्हणजे पन्नासातला एक भाग आत येतो, 2 टक्के. पांढरं पातळ सुती कापड बहुतेक वेळा 10 च्या आतच अडकतं. इथं माझा एक आक्षेप आहे. कुठलाही गडद रंग दिला की कापडाचा यूपीएफ वाढतोच, घट्ट विणीची गडद इरकल नेसून रोप लावणारी बाई आधीच बऱ्यापैकी झाकलेली असते. मग अर्काची तुलना कोऱ्या पांढऱ्या कापडाशी करून टाळ्या मिळवण्यात काय अर्थ, तेवढ्याच गडद साध्या रंगाच्या कापडाशी करा की.

खरी कसोटी धुण्याची आणि उन्हाची. व्हायोलासिन आणि प्रोडिजिओसिन रेशमावर, लोकरीवर, नायलॉनवर छान चढतात, सुतावर तेवढे नाही, आणि उन्हात दोघं फिके पडतात, म्हणजे ऊन अडवायला ठेवलेला राखणदारच उन्हानं आडवा. प्रोडिजिओसिन तर साबणाच्या अल्कलीत लालाचं पिवळं होतं. एमएए पाण्यात विरघळतात, म्हणजे पहिल्या धुण्यात बादलीत. त्यावर उपाय म्हणून ते कायटोसॅनला (खेकड्या-कोळंबीच्या कवचातनं निघतं) बांधून ठेवतात, किंवा तुरटी-हिरड्याचं आधी पुट देतात, जे आपले रंगारी फार आधीपासून करत आलेत. जंतू आणि रंगाची सोयरीकपण नवी नाही म्हणा, निळीचा माठ आंबवायचे तेव्हा काम बॅक्टेरियाच करायचे, फक्त रंगाऱ्याला ते माहीत नव्हतं.

एवढा खटाटोप चाललाय कारण सध्याच्या रसायनांच्या तक्रारी वाढल्यात. प्लास्टिकला उन्हानं तडकू नये म्हणून घालतात ते यूव्ही-328 निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाही, 2023 मध्ये ते न मोडणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. जंतू मारायला घालतात ते ट्रायक्लोसान अमेरिकेनं 2016 मध्ये हात-अंग धुण्याच्या साबणातनं काढायला लावलं. कापडात त्याच कामाला घातलेले चांदीचे नॅनोकण धुण्याच्या पाण्याबरोबर गटारीत जातात. पण नैसर्गिक म्हणून अर्क आपोआप निर्धोक होतो असंही नाही, जंतूला मारणारं द्रव्य कातडीच्या पेशीलापण त्रास देऊ शकतं, व्हायोलासिन जास्त प्रमाणात पेशींना मारतं हे लॅबमध्ये दिसलेलं आहे.

रंगाच्या धंद्यात इंग्लंडची कलरिफिक्स आणि फ्रान्सची पिली या कंपन्या जंतूंकडनं कापडाचे रंग करून घेतात. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांवर साडीच्या सुताला आजही रासायनिक रंगच असतो, आणि किलोमागं चार रुपये वाढले तरी मागवाला तोंड वाकडं करतो. भारतात जीन बदललेला जंतू वाढवायचा तर 1986 च्या पर्यावरण कायद्याखालचे 1989 चे नियम लागतात, आणि मोठ्या प्रमाणावर करायचं तर जीईएसी या केंद्राच्या समितीची परवानगी. टाकीतले जंतू तापवून मारून मगच उरलेला चोथा बाहेर टाकायचा असतो.