हाड मोडलंय खरं, पण कधी?

मारामारीच्या केसमध्ये एक्स-रेवर फ्रॅक्चर दिसलं एवढ्यावर भागत नाही. हाड मोडलं की कायद्याने ती 'गंभीर दुखापत' (आधी आयपीसी 320, आता न्याय संहितेचं कलम 116), म्हणून समोरचा वकील विचारणारच, हे त्याच दिवसाचं कशावरून, आधी कधीतरी गाडीवरून पडला असेल तर?

हाडावर तारीख नसते पण जुळताना ते ठराविक क्रमाने बदलत जातं. ताज्या फ्रॅक्चरच्या कडा धारदार, आजूबाजूला सूज. मग कडेचं मेलेलं हाड शरीर शोषून घेतं आणि फट जरा रुंद, धूसर होते, म्हणून तर मनगटातली एखादी बारीक चीर पहिल्या दिवशी दिसतच नाही आणि दहा-चौदा दिवसांनी दिसते. त्यानंतर कॅलस, म्हणजे मोडलेल्या जागी धरलेलं नवीन हाड, मोठ्या माणसात साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ढगासारखं पुसट दिसायला लागतं, लहान बाळात बरंच लवकर. पुढे ते घट्ट होतं आणि घासून-पुसून मूळ आकारात यायला महिने, कधी वर्षं लागतात. वय, डायबेटीस, सिगरेट, प्लास्टर वेळेवर घातलं की नाही, सगळ्याने वेग बदलतो, त्यामुळे प्रामाणिक रेडिओलॉजिस्ट 'दोन ते चार आठवडे' असंच काहीतरी लिहितो आणि पोलिसांना मात्र तारीख हवी असते!

मला विचाराल तर खरी ताकद एकाच अंगावरच्या दोन फ्रॅक्चरच्या तुलनेत आहे. 1946 मध्ये अमेरिकेत जॉन कॅफी या डॉक्टरने मेंदूभोवती रक्त साचलेल्या सहा बाळांची हातापायाची हाडंही मोडलेली असल्याचं मांडलं, आणि घरचे सांगत होते त्यात ती हाडं मोडण्याएवढं काही घडलेलंच नव्हतं. एका हाडाला कॅलस आणि दुसऱ्याची कड ताजी असेल तर 'एकदाच पडला' ही गोष्ट टिकत नाही, मग नेमकी तारीख माहीत नसली तरी चालतं. बाळाच्या बरगड्यांचं फ्रॅक्चर तर ताजं असताना सहज निसटतं, म्हणून मारहाणीचा संशय असला की दोनेक आठवड्यांनी परत एक्स-रे काढतात.

म्हाताऱ्या माणसाचा दबलेला मणका जुना की नवा हे साध्या एक्स-रेवर कळणं अवघड, तिथे एमआरआय लागतो, नव्यात हाडाच्या आत पाणी साचलेलं चमकतं, पण ती चमकही काही महिने राहू शकते.

आणि कवटी? तिला हातापायाच्या हाडांसारखा कॅलस धरत नाही, तिथे वरच्या कातडीची सूज बघायची, ती उतरली असेल तर चीर कधीची हे फिल्मवरून सांगता येत नाही.