अर्जाच्या आदल्या आठवड्यात मन कच का खातं?

अमेरिकी विद्यापीठांसाठी वापरल्या जाणाऱ्या कॉमन ॲपच्या अर्जात दहा उपक्रम लिहिता येतात. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरांची जागा असते आणि त्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. समजा तिथे एक ओळ आहे : ‘शाळेच्या रोबोटिक्स गटात दोन वर्षं, वायरिंग माझ्याकडे, नव्या मुलांना सोल्डरिंग शिकवलं.’ ऑगस्टमध्ये ती लिहिली तेव्हा बरी वाटली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच ओळ केविलवाणी वाटू लागते. ओळ तीच आहे, काम तेच आहे, फक्त मुदत आता पाच दिवसांवर येऊन ठेपली आहे.

ही मुदत ‘अर्ली’ अर्जाची, म्हणजे नेहमीच्या फेरीच्या आधी करायच्या अर्जाची. बहुतेक ठिकाणी ती १ नोव्हेंबरला असते, काही ठिकाणी १५ नोव्हेंबरला, आणि निकाल साधारण डिसेंबरच्या मध्याला लागतो. यातले ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक असते : असा अर्ज एकाच विद्यापीठाला करायचा आणि तिथे प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये असं बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची पद्धत या दोन्हींच्या मधली आहे. प्रवेश मिळाला तरी तो घ्यायलाच हवा असं नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली अर्ज करता येत नाही. म्हणजे सतराव्या वर्षी, बारावीचं वर्ष जेमतेम सुरू झालेलं असताना, मुलाला एकाच दारावर बोट ठेवायचं असतं. मनात शंकेची पाल चुकचुकणार नाही तर काय होणार?

पण ही पाल नेमकी कशामुळे चुकचुकते, हे समजून घेण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये विद्यार्थ्यांच्या अंदाजांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच परीक्षेत आपल्याला किती गुण पडतील, हे त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या वेळी विचारलं. महिनाभर आधी अंदाज चढे होते. पेपर दिल्यावर ते जमिनीवर आले. निकाल हातात पडायच्या क्षणी मात्र ते प्रत्यक्ष गुणांच्याही खाली घसरले. पेपर देऊन झाला होता, त्यानंतर कोणतीही नवी माहिती मिळालेली नव्हती, तरीही आत्मविश्वास उतरत गेला. मन धक्क्याची तयारी करत होतं. वाईट बातमी अचानक अंगावर येण्यापेक्षा आधीच गृहीत धरलेली बरी, असा तो हिशेब असतो. त्याच्या तीन वर्षं आधी थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनाही हेच दिसलं होतं : कसोटीचा क्षण जवळ आला की लोकांना स्वतःच्या यशाची खात्री कमी वाटू लागते.

म्हणून शेवटच्या आठवड्यातली शंका अर्जाचा दर्जा सांगत नाही. निकाल किती जवळ आला आहे आणि आपल्याला तो किती हवा आहे, एवढंच ती सांगते. ऑगस्टमधला अंदाज थोडा फुगलेला असेल, पण ऑक्टोबरमधला अधिक खरा आहे असं मानायला काही आधार नाही.

आता आकड्यांकडे वळू, कारण शंकेला खतपाणी तिथूनच मिळतं. डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्डने ७,९२१ अर्ली अर्जांपैकी ६९२ जणांना प्रवेश दिला. हे प्रमाण सुमारे ८.७ टक्के होतं. त्या वर्षीचे सगळे अर्ज मिळून ५४,००८ होते आणि प्रवेश १,९३७, म्हणजे जेमतेम ३.६ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्ली अर्जात शक्यता दुपटीहून जास्त दिसते. अनेक घरांत याच तुलनेवर सगळा डाव लावला जातो आणि तिथेच घोटाळा होतो.

अर्ली अर्जांच्या गठ्ठ्यात प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू असतात. त्याच विद्यापीठात शिकलेल्या पालकांची मुलंही तिथे मोठ्या प्रमाणात असतात. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये झाली, तेव्हा समोर आलेल्या आकडेवारीत अशा खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांशांना प्रवेश मिळालेला दिसतो. ही मंडळी बाजूला काढली की उरलेल्यांसाठी ८.७ हा आकडा बराच खाली येतो. याचा अर्थ अर्ली अर्जाचा फायदाच नसतो, असा नाही. क्रिस्टोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउजर यांनी चौदा नामवंत संस्थांमधले लाखो अर्ज तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला, की लवकर अर्ज केल्याने मिळणारी बढत एसएटी या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या जुन्या मापात सुमारे शंभर गुणांइतकी होती. म्हणजे फायदा खरा आहे, पण वरवरच्या टक्केवारीत दिसतो तेवढा नाही. बंधनकारक अर्जात तो जास्त मिळण्याचं कारणही साधं आहे. येणारच असं लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यामुळे विद्यापीठाची एक जागा नक्की भरते.

आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा हिशेब. कागद घ्या. समजा शंभर जणांनी अर्ज केला आहे आणि जागा पाच आहेत. त्यातले चाळीस जण तिथला अभ्यासक्रम उत्तम पेलू शकतील असे आहेत आणि पाचही जागा त्या चाळिसांतूनच भरल्या जातात. निकालाआधी तुमच्याबद्दल काहीच माहीत नसेल, तर तुम्ही त्या चाळिसांत असण्याची शक्यता ४० टक्के. आता तुम्हाला नकार आला. नकार आलेले ९५ जण, त्यांपैकी लायक ३५. पस्तीस भागिले पंच्याण्णव म्हणजे सुमारे ३७ टक्के. ज्या पत्राची सहा आठवडे धाकधुकीत वाट पाहिली, त्याने तुमच्या लायकीचा अंदाज ४० वरून ३७ वर आणला. आकडे मानलेले आहेत, हवे तर बदलून पाहा. जागा जितक्या कमी आणि लायक अर्जदार जितके जास्त, तितकी नकारातून मिळणारी माहिती क्षुल्लक होत जाते. नकार दुखतो आणि तो दुखणारच. पण ‘मी त्या लायकीचाच नव्हतो’ हे वाक्य त्या पत्रात लिहिलेलं नसतं, आणि गणितानेही ते त्यातून निघत नाही.

मग हे वाक्य मनात येतं कुठून? जस्टिन क्रूगर यांच्या १९९९ च्या एका अभ्यासात याचा धागा सापडतो. गाडी चालवणं किंवा माउस वापरणं अशा सोप्या कामांत लोक स्वतःला सरासरीपेक्षा वरचढ समजतात, हे जुनंच निरीक्षण आहे. क्रूगर यांना याची दुसरी बाजू दिसली. बुद्धिबळ, प्रोग्रॅमिंग, हवेत चेंडू झेलत राहणं अशा अवघड कामांत बहुतेक जण स्वतःला सरासरीच्या खाली धरतात. आपल्याला काम जड जातंय एवढंच आपण मोजतो. ते इतरांनाही तितकंच जड जात असेल, हे हिशेबात धरायचं राहून जातं. ६५० शब्दांत स्वतःविषयी निबंध लिहिणं हे असंच काम आहे. स्वतःचे अकरा मसुदे डोळ्यांसमोर असतात. दुसऱ्याचा फक्त शेवटचा मसुदा दिसतो, तोही कुणी दाखवला तर.

पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांवरच्या लेखात ‘इंपोस्टर’ अनुभवाचं वर्णन केलं : यश मिळवूनही आपण लोकांना फसवतो आहोत असं वाटत राहणं. तो आजार म्हणून मांडलेला नव्हता. हल्ली मुलाने जराशी शंका बोलून दाखवली की त्याच्यावर हे लेबल चिकटवलं जातं. ते टाळलेलं बरं, कारण शंकेत कधीकधी खरी माहितीही असते आणि ती वेगळी काढता येते.

त्यासाठी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा कागद उपयोगी पडतो. अनेक विद्यापीठं तो दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातल्या सी-७ तक्त्यात गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम यांपैकी कशाला किती वजन दिलं जातं ते असतं. सी-९ मध्ये तिथे दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या एसएटी आणि एसीटी या परीक्षांतल्या गुणांचा मधला पट्टा असतो, म्हणजे मधले पन्नास टक्के विद्यार्थी ज्यात येतात तो. त्याच्या खालच्या आकड्याला ‘किमान पात्रता’ समजण्याची चूक सर्रास होते. गुण कळवणाऱ्यांपैकी एक-चतुर्थांश विद्यार्थी त्या आकड्याच्या खाली असतात, पट्ट्याची व्याख्याच तशी आहे. शिवाय जिथे गुण कळवणं ऐच्छिक असतं, तिथे कमी गुणवाले बहुधा ते कळवतच नाहीत, त्यामुळे पट्टा वर सरकतो. सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश यांची संख्या मिळते. शाळेत उपलब्ध असलेले अवघड विषय घेतले आहेत, गुण पट्ट्यात किंवा जवळपास आहेत, तर शंकेतला माहितीचा भाग तिथे संपला. गुण पट्ट्याच्या फारच खाली असतील, तर शंका काहीतरी सांगते आहे. मग बंधनकारक अर्जाची एकमेव संधी दुसरीकडे वापरणं शहाणपणाचं.

खरी दक्षता पैशांच्या बाबतीत हवी. अर्ली डिसिजनमध्ये दोन विद्यापीठांच्या आर्थिक मदतीची तुलना करता येत नाही. म्हणून विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांनी करारावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’, म्हणजे मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारा तक्ता, भरून पाहावा. २०११ पासून तो ठेवणं अमेरिकेत बंधनकारक आहे. मिळालेल्या मदतीत शिक्षण परवडणारच नसेल, तर करारातून मोकळं होता येतं, पण त्या आशेवर सही करू नये.

शंकेची किंमत सर्वांत जास्त कोण मोजतं? जे अर्जच करत नाहीत ते. कॅरोलाइन हॉक्सबी आणि एव्हरी यांनी दाखवून दिलं, की कमी उत्पन्नाच्या घरांतली बहुसंख्य अत्यंत हुशार मुलं निवडक विद्यापीठांकडे अर्जच करत नाहीत, जरी मदतीनंतर ती अनेकदा त्यांना स्वस्त पडली असती. त्यावर मिशिगन विद्यापीठाने एक प्रयोग केला. सूझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी आखलेल्या या योजनेत गरीब घरांतल्या हुशार विद्यार्थ्यांना पत्रं गेली : प्रवेश मिळाला तर चार वर्षांची ट्यूशन फी माफ, त्यासाठी वेगळे कागद लागणार नाहीत. यांतल्या बहुतेकांना एरवीही तेवढीच मदत मिळाली असती. पत्राने फक्त खात्री दिली. पत्र न मिळालेल्या तशाच विद्यार्थ्यांपैकी २६ टक्क्यांनी अर्ज केला. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचं प्रमाण १२ वरून २७ टक्क्यांवर गेलं. मुलं तीच, गुण तेच. ही आकडेवारी वाचून गलबलायला होतं, कारण त्या २६ टक्क्यांच्या पलीकडे किती मुलं ‘ते आपल्यासाठी नाही’ म्हणून दारावरूनच परत जात होती, ते तिच्यात दिसतं.

आता शेवटचा आठवडा. सर्वाधिक नुकसान निबंधाच्या नव्या डागडुजीने होतं. अवसान गळलेल्या मुलाला स्वतःचं साधं वाक्य फिकं वाटतं, मग चौथ्या माणसाचा सल्ला घेतला जातो, भारदस्त शब्द घुसतात आणि निबंधातला मुलाचा आवाज हरवतो. मुदतीच्या चार दिवस आधी मजकूर गोठवावा आणि पुढे फक्त चुका दुरुस्त कराव्यात. कॉमन ॲप सादर करण्याआधी अर्जाची पीडीएफ दाखवतं. ती मोठ्याने वाचावी. दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहून गेलेलं वाक्य किंवा अर्ध्यात तुटलेली ओळ तिथेच सापडते. शिफारसपत्रांसंबंधीची ‘फर्पा’ची (विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या अमेरिकी कायद्याची) संमती शिक्षकांना आमंत्रण पाठवण्याआधी नोंदवावी लागते, ती शेवटच्या दिवसासाठी ठेवता येत नाही. काही विद्यापीठांचे पूरक निबंध वेगळे सादर करावे लागतात; मुख्य अर्ज गेला म्हणजे सगळं गेलं, या समजुतीत ते मागे राहतात. दोन दिवस आधी अर्ज पाठवून मोकळं व्हावं.

मग सुरू होते वाट पाहणं. केट स्वीनी यांनी कॅलिफोर्नियाच्या वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या पदवीधरांचा त्यांच्या चार महिन्यांच्या प्रतीक्षेत अभ्यास केला. काळजी दाबायच्या त्यांच्या युक्त्या फारशा चालल्या नाहीत. उलट जे या काळात जास्त अस्वस्थ होते, त्यांनी वाईट निकाल जास्त चांगला पेलला आणि चांगल्या निकालाचा त्यांना आनंदही जास्त झाला. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये मुलाला झोप लागत नसेल, तर ‘काळजी करू नकोस’ हे वाक्य फारसं कामाचं नाही. कामाला येतं ते दुसरंच काम. स्वीनी यांच्याच नंतरच्या अभ्यासांत, हातातल्या कामात पूर्ण गढून गेलेल्यांना वाट पाहणं सुसह्य झालेलं आढळलं.

आणि काम हाताशी असतंच. डिसेंबरच्या मध्याला होकार किंवा नकाराऐवजी ‘डिफर’ असं उत्तर येऊ शकतं, म्हणजे अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा पाहिला जाणार. मग शाळेकडून पहिल्या सत्राचे गुण जातात आणि विद्यापीठ स्वीकारत असेल तर विद्यार्थ्याने पानभर पत्र पाठवावं : नोव्हेंबरनंतर नवं काय घडलं आणि अजूनही यायचं आहे का, एवढंच. नेहमीच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ ते ५ जानेवारी असते. निकालानंतर हातात दोन-तीन आठवडे उरतात आणि त्यात शाळा सुट्टीसाठी बंद, समुपदेशक रजेवर. त्या आठवड्यांत, विशेषतः नकार आला असेल तर, सहा विद्यापीठांचे पूरक निबंध कोऱ्या पानापासून लिहिणं फार जड जातं. ते नोव्हेंबरमध्येच लिहून ठेवावेत, शिक्षकांना बाकीच्या विद्यापीठांची नावं कळवून ठेवावीत आणि निकालाचा दिवस उजाडेल तेव्हा फोल्डरमध्ये ते मसुदे तयार असावेत.